एकसष्टावं मूल

मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते. अकरा-साडेअकराला मुलं घरी पळतात, पण जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींचं आणि बाईंचं काम तेव्हा सुरू होतं. हातात रजिस्टर, बरोबर अंगणवाडी सेविका, डोक्यावर टोपी नाहीतर पदर, आणि वाडी-वस्तीवर घरोघर फेरी. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण करणारी मुलं कोणत्या घरात आहेत, याची यादी अंगणवाडीच्या नोंदींवरून आधीच केलेली असते. शाळेच्या भाषेत ही ‘दाखलपात्र’ मुलं. ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं, पिकाची आणि आजारी म्हातारीची चौकशी करायची, आणि मग विषय काढायचा: ‘यंदा पोराला आपल्याच शाळेत घाला.’

त्याच घरी गेल्या आठवड्यात दुसरंही कुणी येऊन गेलेलं असतं. तालुक्याच्या रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेचं रंगीत पत्रक देवघराच्या बाजूला खोचलेलं दिसतं. त्यावर टाय लावलेली मुलं आहेत, दाराशी येणारी गाडी आहे. गुरुजींकडे पत्रक असलंच, तर ते त्यांनी पदरमोड करून छापलेलं असतं.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या साठ हजारांच्या आसपास शाळा आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आता दर वर्षी हे दृश्य दिसतं. पाडव्याच्या सुमारास ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ अशी मोहीमच निघते. काही गावांत पहिलीची नावं पाडव्याच्या दिवशी नोंदवून घेतात, गुढी शाळेच्या अंगणात उभी राहते.

पट वाढवण्याची ही घाई का, हे गावाला कुणी नीट समजावून सांगत नाही. ‘मास्तरांना नोकरी टिकवायची असते’ एवढंच पारावर बोललं जातं. त्यात थोडं तथ्य आहे, पण सगळी गोष्ट त्यात येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेला किती शिक्षक द्यायचे, याचं कोष्टक आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. एकसष्ट ते नव्वद असतील तर तीन. एक्क्याण्णवपासून एकशेवीसपर्यंत चार.

आता चार वर्गांची शाळा डोळ्यांसमोर आणा. पट साठ असेल, तर दोघे शिक्षक चार वर्ग सांभाळतात. एका खोलीत पहिली आणि दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी आणि चौथी. बाई पहिलीला अक्षर गिरवून घेत असतात तेव्हा दुसरी आपली आपण उदाहरणं सोडवत बसते. दोघांपैकी एक मुख्याध्यापक असतो, म्हणजे पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, तालुक्याची बैठक हेही त्याच्याच माथी. तो तालुक्याला गेला की उरलेल्या एका माणसावर साठ मुलं. अशा शाळेत एकसष्टावं मूल आलं आणि ३० सप्टेंबरच्या पटावर टिकलं, तर कायद्याच्या कोष्टकाप्रमाणे त्या वर्षीच्या संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकपदांच्या मंजुरीत, तिसऱ्या शिक्षकाचं पद मिळण्याची वाट मोकळी होऊ शकते. त्या एका प्रवेशाचा सगळ्यात मोठा लाभ आधीच्या साठ मुलांना मिळतो. उलटंही तितकंच खरं. दोन घरांनी मुलं काढून गाडीत बसवली, की मागे राहिलेल्या मुलांचा शिक्षक जातो. शिक्षक कमी म्हणून आणखी चार घरं मुलं काढतात. ओट्यावर बसून गुरुजी हे सांगत नाहीत, कारण ते सांगणं गयावया केल्यासारखं वाटतं. पण शाळा निवडणाऱ्या प्रत्येक आईबापाला हे कोष्टक माहीत असायला हवं, कारण ते केवळ आपल्या मुलाचा नाही, शेजारच्या मुलाच्या शिक्षकाचाही निर्णय घेत असतात.

दारोदार जाण्याला इथे मोठी पार्श्वभूमी आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं अशी मागणी होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्या काळी एक रुपया ही मजुराच्या घरात चूल हलवणारी रक्कम. शंभर वर्षांपूर्वी सरकार पालकाच्या दारी गेलं ते असं, दंडाची पावती घेऊन. आज शाळा दारी जाते ती निवडून घ्या म्हणायला. पालकाच्या हातात आलेली ही निवड फार मोठी मिळकत आहे. ती नीट पाहून, पारखून करावी, एवढंच मागणं आहे.

पारखायची संधी शाळा आता स्वतःहून देते. २०२२ पासून राज्यभर ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. पहिला मेळावा एप्रिलच्या सुमारास, दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. ज्यांनी तो पाहिला नाही, त्यांना तो सरकारी कार्यक्रम वाटण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात एखाद्या छोट्या शाळेतला मेळावा म्हणजे व्हरांड्यात ओळीने मांडलेली टेबलं, आणि एकेका टेबलापाशी मुलाचा हात धरून सरकणारी आई.

पहिल्या टेबलावर नाव नोंदवतात आणि हातात विकासपत्र देतात. पुढे शारीरिक विकासाचं टेबल. तिथे मूल दोरीवरून उडी मारतं, चेंडू टाकतं, कागदाची घडी घालतं. त्याच्या पुढे बौद्धिक विकास: चिंचोके एकीकडे, मणी दुसरीकडे, लहान-मोठं, रंगाला रंग. मग सामाजिक आणि भावनिक विकास, म्हणजे नाव विचारलं तर सांगतं का, अनोळखी बाईंशी बोलतं का, घरी कोण कोण आहे हे सांगतं का. भाषेच्या टेबलावर एक चित्र पुढे ठेवलेलं असतं आणि त्यातलं काय दिसतं ते मुलाने सांगायचं. शेवटी गणनपूर्व तयारी. दहा बिया मोजून दे म्हटलं की काही मुलं तोंडाने वीसपर्यंत धावतात आणि बोट मात्र सातव्या बीवरच असतं. बाई हसत नाहीत आणि आईला हसू देत नाहीत. विकासपत्रावर खूण करतात आणि सांगतात, रोज भाकऱ्या करताना मोजायला लावा, एक भाकरी, एक बोट. अखेरच्या टेबलावर घरी काय काय करून घ्यायचं, याच्या वस्तू आणि सूचना मिळतात. जूनच्या मेळाव्यात तेच मूल पुन्हा त्याच टेबलांवरून जातं आणि मधल्या दीड-दोन महिन्यांत काय फरक पडला तो आईला कागदावर दिसतो.

या मेळाव्यात कुणाला नापास करत नाहीत, आणि ही गोष्ट शाळेच्या मर्जीवर सोडलेली नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची परीक्षा घ्यायला बंदी केली आहे, देणगी घ्यायलाही. विकासपत्र हे मुलाला गाळायचं साधन नाही. वर्गातल्या बाईंना कुठून सुरुवात करायची ते त्यावरून कळतं.

दोन मेळाव्यांमधल्या सुट्टीत घरी करून घ्यायच्या कामासाठी वस्तीवरच्या आयांचे ‘माता गट’ केले जातात. पाच-सहा आया संध्याकाळी एका अंगणात जमतात, आठवड्याचा खेळ व्हॉट्सअॅपवर आलेला असतो, एकीच्या मोबाइलवर सगळ्या पाहतात. स्वतः चौथीत शाळा सुटलेली बाई आपल्या मुलाला आकार ओळखायला शिकवते, ही या सगळ्या उपक्रमातली सगळ्यात मोलाची बाब आहे. फ्लेक्सवर छापायला ती फार साधी, म्हणून तिचा गाजावाजा होत नाही.

मग जूनच्या मध्यावर, विदर्भात त्यानंतर आठवडाभराने, शाळा उघडते आणि प्रवेशोत्सव होतो. नव्या मुलांची बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून मिरवणूक, पुढे लेझीम, दारात औक्षण. अनेक शाळा मुलाचं पाऊल कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर ठसा घेतात आणि त्याखाली नाव-तारीख घालतात. पाठ्यपुस्तकं त्याच दिवशी हातात देण्याचा रिवाज आहे. पुस्तकं, गणवेश आणि दुपारचं जेवण यांचे पैसे पालकाला द्यावे लागत नाहीत.

दुपारच्या जेवणाबद्दल पालकांच्या मनात सगळ्यात जास्त शंका असतात, म्हणून त्याविषयी सविस्तर. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली, आज तिचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ आणि त्याबरोबर डाळ, भाजी, तेल, म्हणजे ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असं प्रमाण ठरलेलं आहे. ‘रोज खिचडीच’ ही तक्रार बरीच वर्षं रास्त होती. २०२४ मध्ये राज्याने पाककृतींची यादी वाढवली. मटार पुलाव, चवळी खिचडी, मोड आलेली कडधान्यं, मूग-शेवग्याचं वरण आणि भात, नाचणीचं सत्त्व, तांदळाची खीर अशी नावं तक्त्यावर आली. तक्त्यावर आली म्हणजे रोज ताटात येतात असं नाही. अंड्यांचंच पाहा: आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं देण्याचा निर्णय २०२३ च्या नोव्हेंबरात झाला आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने अंड्यांसाठीचा निधी थांबवला. वाढत्या वयाच्या मुलांच्या ताटातून अंडं काढून घेणं चुकीचंच होतं. शाळा पाहायला जाणाऱ्याने म्हणूनच जेवणाच्या सुट्टीत जावं. स्वयंपाकी ताई पातेलं उतरवतात तेव्हा वरणात काय आहे ते दिसतं. मागच्या अंगणात परसबाग आहे का, त्यातला पाला पातेल्यात पडतो का, हात धुवायला नळ चालू आहे का, हेही दिसतं. नळ चालू असलेली शाळा बहुधा बाकीच्या बाबतींतही जागी असते.

चांगल्या सरकारी शाळेचा विषय निघाला की काही नावं हमखास घेतली जातात, आणि ती घ्यावीच. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेला दत्तात्रय वारे गुरुजींच्या काळात गावकऱ्यांनी स्वतःची जमीन दिली, आणि तिथे प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागू लागली. पुढे वारे गुरुजी खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेत गेले. तिथे मुलं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. पालक आणि गावकरी पुन्हा कामाला लागले. मोठ्या मुलाने लहानाला, ज्याला गणित येतं त्याने न येणाऱ्याला शिकवायचं, अशी ‘विषयमित्र’ पद्धत तिथे रुजली. २०२५ मध्ये टी-फोर एज्युकेशनच्या जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत लोकांच्या मतांवर दिला जाणारा ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार या वाडीवरच्या शाळेला मिळाला.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून कवितेचा आवाज, धड्याची चित्रफीत मुलाच्या घरापर्यंत पोचवायची ही त्यांची कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांत आली. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाचं औरंगाबाद) गाडीवाटच्या मुलांनी इंटरनेटच्या आधाराने जपानी शिकायला घेतलं, त्याच्या बातम्या देशभर आल्या.

या सगळ्यांत नव्या पालकाने सर्वांत बारकाईने समजून घ्यावं ते मात्र साताऱ्याजवळचं कुमठे बीट. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांचा पट्टा. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी एक शाळा चमकवण्याऐवजी बीटमधल्या सगळ्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभं केलं. वर्गाच्या फरशीवर आकृत्या आणि अंकांची जाळी रंगवली, खडे, काड्या, बिया, कार्डं हेच साहित्य, आणि मुलं गोल करून जमिनीवर. राज्याच्या कानाकोपऱ्यातले शिक्षक ते पाहायला गेले आणि आपापल्या शाळेची फरशी रंगवू लागले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयामागे या कामाची प्रेरणा होती. पुरस्कार एका शाळेला मिळतो. कुमठ्याची पद्धत साध्या शाळेत, साध्या शिक्षकाला, फारसा पैसा नसताना करता येते, म्हणून आपल्या गावची शाळा पाहताना तिची आठवण ठेवावी.

पहिली-दुसरीच्या वर्गात दहा मिनिटं मागे बसून राहा. बेरीज चालू असेल तर बाई फळ्यावर ‘हातचा एक’ लिहून पुढे जातात, की मुलांच्या हातात काड्या देतात? सत्तावीस आणि पंधरा. दहा-दहाचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या, शेजारी एक गठ्ठा आणि पाच सुट्या. सुट्या एकत्र केल्या की बारा. त्यातल्या दहा मोजून त्यांना रबर लावायचं आणि गठ्ठ्यांत सरकवायचं. तो रबर लावणारा मुलगा ‘हातचा’ म्हणजे काय ते आयुष्यात विसरत नाही. भाषेच्या तासाला धडा पाठ म्हणून घेतात की न पाहिलेली चार वाक्यं वाचायला देतात, तेही पाहा. इमारतीचा रंग, संगणकाची खोली, रोबोटिक्सचा कोपरा हे नंतर. तिसरीच्या अखेरीपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब यावेत, हे २०२१ पासूनच्या ‘निपुण भारत’ अभियानाचंही उद्दिष्ट आहे. आपलं मूल तिथवर पोचेल का, याचं उत्तर या दहा मिनिटांत बरंचसं मिळतं.

आणि इंग्रजी? घरोघरच्या फेरीत विचारला जाणारा पहिला प्रश्न हाच. महाराष्ट्राच्या सर्व शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय आहे. अनेक जिल्हा परिषद शाळा सेमी इंग्रजी आहेत, म्हणजे गणितासारखे विषय इंग्रजीतून. सहा वर्षांच्या मुलाला ज्या भाषेत आई ओरडते, आजी गोष्ट सांगते, त्या भाषेत वाचायला शिकणं सोपं जातं, आणि एकदा वाचता आलं की दुसऱ्या लिपीची वाट मोकळी होते. पालकांची इंग्रजीची ओढ खोटी नाही. नोकरीच्या बाजारात त्यांनी तिची किंमत मोजलेली असते. त्यांना ‘मातृभाषेचा अभिमान बाळगा’ असं ऐकवण्यापेक्षा चौथीच्या मुलाला इंग्रजी वाचून दाखवायला सांगणारा शिक्षक जास्त पटतो. चौथीनंतरचंही विचारून घ्यावं: पाचवीचा वर्ग इथेच आहे का, शिष्यवृत्तीची तयारी घेतात का, नवोदयला बसवतात का. नवोदय विद्यालयाच्या पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी आहेत.

शहरातही हीच धडपड दिसते. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. मुलाला दप्तरापासून छत्रीपर्यंत २७ वस्तू मोफत मिळतात. २०२० नंतर ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने वेगवेगळ्या मंडळांशी जोडलेल्या शाळा सुरू झाल्या आणि २०२२ मध्ये एक लाख नव्या मुलांचं लक्ष्य ठेवून ‘मिशन अॅडमिशन’ मोहीम निघाली. चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या गल्ल्यांत पालिकेचे शिक्षक तसेच फिरले, जसे वाडीवर फिरतात.

एवढं सगळं सांगताना उणिवा झाकून चालणार नाही. शिक्षकांची पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात. मतदार यादीचं काम, सर्वेक्षणं, फोटो काढून अॅपवर टाकायची माहिती यांत शिकवण्याचे तास जातात, आणि तो तोटा पालकाला दिसत नाही. स्वच्छतागृह बांधलेलं असतं पण त्यात पाणी नसतं, आणि याचा सगळ्यात जास्त त्रास मुलींना होतो. २०२३ मध्ये एक ते वीस पटाच्या साडेचौदा हजारांहून अधिक शाळा राज्यात होत्या, आणि त्या एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले. पुण्यातल्या पानशेतचं आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचं उदाहरण त्यासाठी दिलं गेलं. मोठ्या शाळेत मुलांना सोबती मिळतात, खेळाचं मैदान मिळतं, हे खरं. पण पावसाळ्यात ओढा ओलांडून जाणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला शाळेची गाडी एक दिवस आली नाही, तर तिची शाळा त्या दिवशी संपते, आणि असे दिवस साठले की कायमची संपते. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असं नियम सांगतो तो याच मुलीसाठी. वाडीवरची शाळा टिकवणं हा खर्चाचा प्रश्न म्हणून बघू नये.

त्यासाठी पालकांच्या हातात एक साधन आहे आणि ते फार थोडे वापरतात. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागी महिला असतात, अध्यक्ष पालकांतून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतो. शाळेला मिळालेलं अनुदान कशावर खर्च झालं, ते ही समिती बघते. २०२४ मध्ये राज्यभर एकाच जागेवरून गणवेश पुरवण्याचा घाट घातला गेला. मुलं महिनोन्महिने गणवेशाविना राहिली, मापं चुकली, आणि त्याच वर्षअखेरीस ते काम पुन्हा या समित्यांकडे सोपवावं लागलं. गावच्या शिंप्याला गावच्या मुलांची मापं माहीत असतात. कित्येक गावांत मात्र समितीची बैठक म्हणजे घरी आलेल्या वहीवर सही, एवढीच उरली आहे. पहिलीत मूल घालणाऱ्या आईने मुख्याध्यापकांना विचारावं की पुढची बैठक कधी आहे. ज्या शाळेत या प्रश्नाला तारीख सांगून उत्तर मिळतं, तिथे नाव घालायला हरकत नाही. जिथे मिळत नाही, तिथे नाव घालून बैठकीला जाऊन बसायची जास्त गरज आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडतात तेव्हाही नावं घेतली जातात. प्रवेशाची मुदत संपली म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, वर्षाच्या मध्येही नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेलेल्या घरातलं मूल जिथे असेल तिथल्या शाळेत बसू शकतं. बरोबर जन्माचा दाखला न्यावा. तो नसेल तर अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद चालते, आणि काहीच कागद नसला तरी वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायला कायद्याने मनाई आहे. पुढच्या वर्षी पहिलीत जाणारं मूल घरात असेल, तर एप्रिलच्या मेळाव्याची वाट पाहायचंही कारण नाही. कुठल्याही साध्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या अर्धा तास आधी, शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसता येतं.